जुन्या भिंतींचा गिलावा : रंगकामापूर्वीच्या दुरुस्तीचा विचार

पावसाळा सरून दिवाळीचे दिवस जवळ आले की घरांची रंगसफेदी करण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. चार महिन्यांत भिंतींवर जे उमटलेले असते, म्हणजे कोठे ओलीचा पिवळसर डाग, कोठे सुटलेला पोपडा, कोठे बोट लावताच भुकटी होऊन गळणारा गिलावा, ते सणापूर्वी नाहीसे व्हावे अशी घरधन्याची स्वाभाविक इच्छा असते. गवंडी येतो, सुटलेला भाग खरवडतो, तेथे सिमेंटचा लेप चढवितो. त्यावर रंगारी लांबी भरतो आणि आठवड्याभरात भिंत नव्यासारखी दिसू लागते. पुढच्या पावसाळ्यानंतर डाग पुन्हा उमटतो. मात्र तो त्याच जागी नसतो. ठिगळाच्या कडेला, बहुधा हातभर वर सरकलेला असतो. जुन्या पेठांतील वाड्यांतून हा अनुभव इतका नित्याचा आहे की तो केवळ गवंड्याच्या हलगर्जीपणाचा परिणाम मानता येत नाही. उत्तम कारागिराने काळजीपूर्वक केलेले कामही असेच फसते. तेव्हा दोष हाताचा नसून समजुतीचा असला पाहिजे, आणि ती समजूत कोणती हे तपासणे अगत्याचे आहे.

येथे विचार करावयाचा आहे तो चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींचा. देशावरील वाड्याची भिंत साधारणतः अशी असते : खाली काळ्या पाषाणाचे जोते, त्यावर चुन्यात रचलेल्या चपट्या, मऊ भाजणीच्या विटा, मध्ये लाकडी खांब व तुळया, अंगावर चुना-वाळूचा गिलावा आणि त्यावर नीरूचा पातळ, घोटून गुळगुळीत केलेला थर. कोकणात व गोव्यात विटेची जागा जांभा घेतो. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यातील आधुनिक भिंतीचे शास्त्र निराळे असून तेथे सिमेंटचा गिलावाच योग्य होय. त्याविषयी येथे तक्रार नाही. तक्रार आहे ती एका प्रकारच्या भिंतीचे औषध दुसऱ्या प्रकारच्या भिंतीला देण्याविषयी.

चुन्याच्या गिलाव्याचे स्वरूप समजण्यासाठी त्याच्या रसायनाकडे थोडे वळावे लागते. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो; शुद्ध चुनखडीच्या 100 भागांपासून वजनाने 56 भाग चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी घातले की ती उष्णता सोडीत फुलते व विरते, आणि त्या 56 भागांचा 74 भाग विरलेला चुना होतो. हा चुना भिंतीवर चढला म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो व पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो. अर्थात चुन्याचा गिलावा म्हणजे भिंतीवर नव्याने घडलेला दगडच होय. पण तो घडतो पृष्ठभागाकडून आत, अतिशय मंद गतीने, आणि त्यासाठी थोडी ओल अवश्य लागते. भिंत कोरडी ठणठणीत झाली तर ही क्रिया थांबते. चिंब राहिली तर छिद्रे पाण्याने भरून हवा आत शिरत नाही व क्रिया तरीही थांबते. जुने गवंडी ताज्या गिलाव्यावर ओली पोती टांगून तो दिवसेंदिवस दमट ठेवीत, याचे मर्म हेच.

सर्व चुना एकजात नसतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे. कोकणपट्टीत शिंपले भाजून केलेला चुना बराच शुद्ध असतो आणि केवळ हवेवर घट्ट होतो. देशावर काळ्या जमिनीत सापडणाऱ्या कंकरांपासून केलेल्या चुन्यात मातीचा अंश असतो. भाजताना त्या मातीतील सिलिका व अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि असा चुना काही अंशी पाण्यातही घट्ट होतो. भारतीय मानक क्रमांक 712 मध्ये चुन्याचे जे वर्ग पाडले आहेत ते मुख्यतः याच गुणावर आधारलेले आहेत. शुद्ध चुन्याला हा गुण बाहेरून देण्याचा उपाय म्हणजे सुरखी. विटेची ही पूड फार भाजलेल्या विटेची नसावी. बेताने भाजलेल्या मातीतच चुन्याशी संयोग पावण्याची शक्ती शिल्लक असते. घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा चीक, तागाचे तंतू इत्यादी द्रव्ये मिसळण्याची रीत होती. त्यांपैकी तागाचे कार्य उघड आहे, ते तडे आवरते. गूळ व हिरड्याविषयी मात्र इतक्या आख्यायिका प्रचलित आहेत, की कित्येकांना वाड्याच्या टिकाऊपणाचे सारे श्रेय गुळालाच द्यावेसे वाटते. प्रत्यक्षात चांगला विरविलेला चुना, स्वच्छ टोकेरी वाळू आणि भरपूर मळणी यांवाचून गुळाचा काही उपयोग नाही.

आता मूळ व्याधीकडे वळावे. गिलावा बिघडतो तो वयामुळे नव्हे. कोरड्या राहिलेल्या भिंतीवर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याचा नाश करणारी जोडी म्हणजे पाणी आणि क्षार. जमिनीतील पाणी केशाकर्षणाने विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. काळा पाषाण घट्ट असल्याने जोत्यातून पाणी फारसे चढत नाही, आणि म्हणूनच जुन्या बांधकामात उंच जोत्याला इतके महत्त्व होते. परंतु शहरांतील रस्त्यांवर वर्षानुवर्षे थरांवर थर चढत गेले आणि पूर्वी रस्त्याच्या वर दोन-तीन हात असलेली जोती अर्धीअधिक बुजली. अंगणात फरशी बसली, तिचा उतार भिंतीकडे झाला. छपरावरून पडणारे पाणी पूर्वी जोत्यावर आपटत असे ते आता विटेवर उडते. भिंतीत काहीच बदल झालेला नसतो. भिंतीभोवतालची जमीन बदललेली असते. गिलाव्याची दुरुस्ती पुष्कळदा गिलाव्यापासून नव्हे तर फावड्याने सुरू करावी लागते, ती यासाठी.

चढणारे पाणी एकटे येत नाही. जमिनीतील, विटेतील, जुन्या गोठ्यांतील व शौचकूपांतील क्लोराइड, सल्फेट व नायट्रेट क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागापाशी येऊन उडून जाते, क्षार तेथेच राहतात, आणि त्यांचे स्फटिक बनू लागतात. ज्याला आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो तो हाच प्रकार. (यांतील एक क्षार म्हणजे सोरा. ज्या काळी बंदुकीच्या दारूसाठी त्याला मोल होते त्या काळी बिहारात लोण्या मातीपासून तो काढणारा नोनिया हा समाजच होता. वाड्याच्या मालकाला मात्र तो फुकट मिळतो आणि महाग पडतो.) स्फटिक पृष्ठभागावर उगवला तर पांढऱ्या बुरशीसारखा दिसतो व कुंचल्याने झटकता येतो; त्यापासून हानी थोडी. पण तोच गिलाव्याच्या आत, छिद्रांत वाढला तर छिद्राच्या भिंतींवर दाब पडून गिलाव्याचे कण सुटे होतात. सोडियम सल्फेटचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्याचे निर्जल रूप पाणी घेऊन दहा रेणू पाण्याचे सजल रूप धारण करते तेव्हा घनफळ सुमारे चौपट होते. शुद्ध अवस्थेत या दोन रूपांमधील संक्रमणाचे तापमान सुमारे 32 अंश सेल्सिअस आहे. म्हणजे दख्खनच्या हवेत उन्हाच्या बाजूची भिंत एका दिवसात ही मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येऊ शकते. मिठाची गोष्ट वेगळी. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढते व पाझरू लागते. छप्पर गळत नसताना, नळ फुटलेला नसताना आषाढात भिंत आपोआप ओली का होते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथे मिळते.

या पार्श्वभूमीवर सिमेंटच्या ठिगळाची वर्तणूक पाहावी. सिमेंटचा गिलावा जुन्या विटेहून कठीण, चुन्याहून पुष्कळ कमी सच्छिद्र, आणि घट्ट होताना आकसणारा असतो. मागील विट ओलीच राहते. तिच्यातील पाण्याला पूर्वीची वाट बंद होते. पाणी नाहीसे होत नाही, ते ठिगळाला वळसा घालून कडेच्या व वरच्या जुन्या चुन्यात शिरते आणि तेथून उडून जाते. डाग हातभर वर सरकतो याचे हेच कारण. तेथे आजवर शाबूत असलेला गिलावा क्षारांनी फुटतो. तोही खरवडून सिमेंट लावले की ओल आणखी वर चढते. काही वर्षांनी सिमेंटचा पत्रा एका तुकड्यात निखळतो आणि त्याच्या मागे विटेचा दर्शनी भाग पीठ झालेला आढळतो, कारण मधल्या काळात स्फटिकांची वाढ ठिगळाच्या पाठीमागे विटेतच चालू राहिलेली असते. शिवाय सिमेंटमधून येणारे अल्कली क्षार भिंतीतील मूळ क्षारांत भर घालतात. सिमेंट येथे आपल्या दुबळेपणामुळे नव्हे, तर बळकटपणामुळे घातक ठरते, ही गोष्ट बांधकामाच्या रूढ शिक्षणात सहसा सांगितली जात नाही. बळ हाच गुण अशी सवय लागलेल्या मनाला ती पटणेही कठीण जाते.

चुन्याचा गिलावा ही भिंतीची कातडी आहे. भिंतीच्या वाट्याचे नुकसान तिने सोसावे, पाण्याला वाट द्यावी, क्षार आपल्यात साठवावेत आणि वेळ आली की गळून पडून नव्या थराला जागा द्यावी, हे तिचे काम. म्हणून दुरुस्तीचा गिलावा ज्या विटेवर बसावयाचा तिच्याहून किंचित दुबळा व अधिक सच्छिद्र असावा लागतो. पुढील सर्व तपशील या एका गोष्टीतून निघतात.

दुरुस्तीपूर्वी भिंतीची परीक्षा करावी. बोटांच्या सांध्यांनी किंवा लाकडी मुठीने भिंत ठोकीत गेले असता चिकटलेला गिलावा ठणक आवाज देतो, सुटलेला भाग पोकळ वाजतो. पोकळ भागाची सीमा खडूने आखून घ्यावी. ओल भिंतीतून येते की हवेतून भिंतीवर बसते हे ठरविण्यासाठी सुमारे दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक रात्र ठेवतात : थेंब कागदाच्या आतील बाजूस जमले तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूस जमले तर हवेची. लोण्याचा नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट घातल्यास पांढरा साका क्लोराइड दाखवितो. हायड्रोक्लोरिक आम्लासह बेरियम क्लोराइड घातल्यास येणारा पांढरा साका सल्फेटचा. इतकी परीक्षा पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेतही होते, तरी ती क्वचितच केली जाते.

तड्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. जाळ्यासारखे बारीक तडे गिलावा लवकर सुकल्याने पडतात व ते वरवरचे असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा जाणारा तडा पाया खचल्याचा संशय निर्माण करतो. असा तडा अद्याप वाढतो आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की बसवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी फुटली तर भिंत हलते आहे. हलणाऱ्या भिंतीवर कोणताही लेप टिकत नाही, तेथे अभियंत्याचा सल्लाच घ्यावा. खांब आणि वीटकाम यांच्या सांध्यावरील उभा तडा मात्र रोग नव्हे. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते व आकसते, वीट तसे करीत नाही. तेथे तडा वारंवार बुजविण्यापेक्षा सांध्यावर सरळ खाच ठेवून गिलावा दोहोंकडे स्वतंत्र संपविणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष कामात पहिले पाऊल ओलीचे मूळ बंद करणे हे होय : जोते उघडे करणे, उतार उलटा फिरविणे, पन्हाळी व नळ तपासणे. त्यानंतर भिंतीला सुकण्यास अवधी द्यावा. भिंतीच्या जाडीच्या दर इंचास सुमारे एक महिना, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने दीड फूट जाडीच्या भिंतीला दीड वर्ष लागेल. इतके कोणी थांबत नाही हे खरे, परंतु पोकळ गिलावा काढून एक संपूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवणे अशक्य नसते. या काळात वर येणारा लोणा कोरड्या कुंचल्याने झाडून गोळा करावा व घराबाहेर टाकावा. पाण्याने धुऊ नये, कारण पाण्याबरोबर तो पुन्हा आत जातो. क्षार अधिक असल्यास शुद्ध पाण्यात भिजविलेल्या कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा लेप भिंतीवर देऊन तो सुकू द्यावा. सुकताना भिंतीतील क्षार लेपात ओढले जातात व लेपाबरोबर निघतात. ही क्रिया दोन-तीन वेळा करावी लागते. फार खारावलेल्या भिंतीवर कमी चुन्याचा, भुसभुशीत गिलावा मुद्दाम लावून एक-दोन वर्षांनी काढून टाकण्याची पद्धतही वापरतात.

पोकळ गिलावा पक्क्या भागापर्यंत काढावा आणि राहिलेल्या गिलाव्याची कड सरळ, किंचित आत झुकती छाटावी, म्हणजे नवा थर तिच्याखाली अडकतो. विटांचे सांधे अर्ध्या इंचापर्यंत कोरावेत, धूळ झाडावी, आणि भिंतीवर पाणी शिंपडावे. इतके की विट चुन्यातील पाणी झटकन पिणार नाही, पण वरून ओघळही येणार नाही. एक भाग चुना व तीन भाग वाळू हे प्रमाण सामान्यतः चालते. ओलीच्या जागी वाळूचा काही भाग काढून सुरखी घालावी. वाळू समुद्राची असू नये. खोल खड्डा एकदम भरण्याचा मोह टाळावा : एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर दिल्यास तो आकसून फाटतो. पहिला थर आवळून आल्यावर त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून दुसरा चढवावा आणि गुरमाळ्याने जुन्या पातळीस आणावा. बारीक तडे दिसले तर दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून पुन्हा दाबून घ्यावेत. अखेरचा नीरूचा थर कागदाइतका पातळ असला तरी त्याचा चुना चांगला मुरलेला हवा. न विरलेली चुनकळी आत राहिली तर ती पुढे महिन्यांनी फुलते आणि रंगलेल्या भिंतीवर लहान-लहान खळगे पडतात. हल्ली नीरूऐवजी प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरण्याची प्रथा पडली आहे. कोरड्या भिंतीवर ते शोभते. परंतु जिप्सम पाण्यात अल्पस्वल्प विरघळते, लिटरला सुमारे दोन ग्रॅम, आणि ओल्या भिंतीवर स्वतःच सल्फेटचा पुरवठा करू लागते.

रंगाच्या निवडीत वरील सर्व श्रम एका दिवसात वाया जाऊ शकतात. ताज्या चुन्याची अल्कता तीव्र असते. त्याचा सामू सुमारे 12.4 असतो. अशा पृष्ठभागावर तैलरंग दिला तर तेलाचा साबण बनतो व रंग चिकट होऊन सुटतो. आधुनिक ॲक्रिलिक रंग अल्कता सोसतात, परंतु त्यांचा सलग पापुद्रा बाष्पाला कमी-अधिक प्रमाणात अडवितो, व मागील ओल त्याला फुगे आणते. चुन्याची सफेदी हा जुन्या भिंतीचा नैसर्गिक रंग होय : ती गिलाव्याशी एकजीव होते, बाष्पाला अडवीत नाही आणि स्वस्त आहे. तिच्यात थोडा डिंक किंवा सरस घालतात, रंगछटेसाठी अल्कतेला टिकणारी गेरू-पिवडीसारखी माती. अंगाला लागते ही तिच्याविरुद्धची तक्रार रास्त आहे. पण बहुतेक वेळा ती एकच जाड हात दिल्याने लागते, दुधासारखे पातळ तीन-चार हात दिल्याने नव्हे. अधिक टिकाऊपणा हवा असल्यास सिलिकेट रंगांचा पर्याय आहे. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी 1878 मध्ये त्यांचे पेटंट घेतले. ते महाग आहेत, आणि एकदा दिल्यावर काढता येत नाहीत.

जेथे भिंतीवरील जुना रंग हीच जतन करावयाची वस्तू असते, उदाहरणार्थ वाईजवळील मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे, तेथे खरवडणे हा उपायच उरत नाही. सुटलेल्या गिलाव्याच्या मागे बारीक छिद्रातून चुन्याचे पातळ मिश्रण सुईने भरून तो पुन्हा भिंतीशी जोडावा लागतो, आणि हे काम प्रशिक्षित संरक्षकाचेच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची दुरुस्ती करविली तेव्हा लाखेचा लेप दिला गेला. तो पुढे पिवळा पडला आणि त्याचा थर काढण्यात नंतरच्या संरक्षकांना दीर्घकाळ खपावे लागले. त्या तज्ज्ञांनी सुटणारा रंग वाचविला हेही तितकेच खरे आहे.

राहता राहिला प्रश्न ऋतूचा. दिवाळीपूर्वी, म्हणजे भिंती वर्षातील सर्वांत ओल्या अवस्थेत असताना रंगकाम करण्याची चाल सफेदीच्या काळात निरुपद्रवी होती, कारण सफेदी ओल्या भिंतीवरही बसते व भिंतीला सुकू देते. चाल तीच राहिली आणि रंग मात्र बदलला. जुन्या भिंतीचा पोकळ गिलावा काढण्यास मार्गशीर्ष-पौष, ती सुकविण्यास वैशाखापर्यंतचा काळ, आणि नवा गिलावा चढविण्यास पुढील पावसाळ्यानंतरचे, हवा दमट पण भिंत चिंब नसलेले कार्तिकाचे दिवस हा क्रम सोयीचा पडतो. मधल्या पावसाळ्यात विटा उघड्या दिसतील. त्या पावसाळ्यात ओल कोठून व किती उंच येते याची खूण दर पंधरवड्यास भिंतीवर पेन्सिलीने करून ठेवावी. कार्तिकात गवंड्याला दाखविण्यास तिच्याइतका उपयुक्त कागद दुसरा नाही.